पेंट सिस्टिम निवडताना डब्याचा भाव बाजूला ठेवा, दाराचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज चार-पाच गाड्या रंगून बाहेर पडतात, त्यात बहुतेक मेटॅलिक. सध्या सॉल्व्हंट बेसकोट, म्हणजे थिनरवरचा रंगाचा थर, चालू आहे. तीन कंपन्यांचे विक्रेते तीन सिस्टिम, म्हणजे प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचे संच, घेऊन मागे लागलेत आणि त्यातले दोघे ‘वॉटरबेसवर या’, म्हणजे पाण्यावरचा रंग घ्या, म्हणतात. लिटरचे भाव मांडून पाहिले तर काहीच मेळ लागत नाही. मग घ्यायची कोणती?

मी आधी स्प्रे गन धरायचो, मग मिक्सिंग रूममध्ये शेड मॅचिंगला बसलो, आता शॉप सांभाळतो. या काळात तीनदा सिस्टिम बदलली. त्यातल्या एका बदलाचा पस्तावा झाला, आणि गंमत म्हणजे तो रंग उत्तम होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

नावांचा गुंता आधी सोडवू, कारण विक्रेते तो मुद्दाम वाढवतात. स्पीस हेकर, स्टँडॉक्स आणि क्रोमॅक्स ही तीन नावं वेगळी दिसतात, पण तिन्ही अक्झाल्टाची. २०१३ मध्ये ड्युपाँटचा हा धंदा वेगळा होऊन अक्झाल्टा झाला. ग्लासुरिट आणि आर-एम ही मुळात बीएएसएफकडची भावंडं. सिकन्स आणि लेसोनल अक्झोनोबेलची. पीपीजीकडे डेल्ट्रॉन हे सॉल्व्हंट आणि एन्व्हायरोबेस हे वॉटरबेस, शिवाय नेक्सा ऑटोकलरही त्यांच्याच घरात. म्हणजे समोर सहा दुकानं दिसत असली तरी घरं तीन-चारच. एकाच घरातलं स्वस्त नाव आणि महाग नाव यांत फरक असतो. तो बहुतेक वेळा शेडच्या फॉर्म्युल्यांची संख्या, टिंटरचा, म्हणजे मिसळायच्या मूळ रंगांचा कस, क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे प्रकार आणि मदतीला येणारा माणूस यांत असतो. या घरांच्या वरच्या श्रेणीतलं काहीही घ्या, नीट मारलं तर गाडी चमकणारच. त्यामुळे ‘सगळ्यात चांगली कोणती’ हा प्रश्न सोडून द्या. तुमच्या शॉपमध्ये गाडी नेमकी कुठे अडते ते शोधा आणि ती अडचण कोणती सिस्टिम सोडवते ते बघा.

आमच्याकडे एकदा आठवडाभर प्रत्येक गाडीवर कागद चिकटवला आणि ती कुठे किती वेळ थांबली ते लिहीत गेलो. मला वाटायचं बूथ, म्हणजे रंग मारायची खोली, कमी पडतो. निघालं वेगळंच: सर्वांत जास्त वेळ शेड जुळवण्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या पॉलिशमध्ये जात होता. तुमच्याकडे कदाचित बूथच अडत असेल. तसं असेल तर तुम्हाला लवकर सुकणारं क्लिअर हवं आणि बेसकोट बदलून फारसं काही साधणार नाही. शेड अडत असेल तर फॉर्म्युले आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, बघा. हा कागद चिकटवायला खर्च काही नाही. विक्रेत्यांना पुढची वेळ देण्याआधी तो लावा.

आता वॉटरबेस. या शब्दाने बराच गैरसमज होतो. पाण्यावरचा असतो तो फक्त बेसकोट, म्हणजे रंगाचा थर. त्यावरचं क्लिअर आणि बहुतेक ठिकाणी खालचा सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर, हे कडक करणारा हार्डनर घालून मारायचे, सॉल्व्हंटवरचेच राहतात. वॉटरबेसमध्येही थोडं सॉल्व्हंट असतंच. हा बदल मुळात कायद्यामुळे आला. युरोपात १ जानेवारी २००७ पासून मारायला तयार रंगातल्या उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटवर मर्यादा आली. बेसकोट आणि क्लिअर दोन्हींना लिटरला ४२० ग्रॅम, सरफेसरला ५४०, आणि मोजताना पाणी वजा करून मोजायचं. साधा सॉल्व्हंट बेसकोट थिनर घातल्यावर ७०० च्या वर जातो, त्यामुळे तो त्या चौकटीत बसत नाही. क्लिअरमध्ये घन भाग, म्हणजे सुकल्यावर उरणारा माल, वाढवून ४२० गाठता आलं, म्हणून क्लिअर सॉल्व्हंटवर टिकलं. तुमच्यावर असं कुठलंही बंधन आहे का, हे पहिलं तपासा. असेल तर चर्चा तिथेच संपते. नसेल तर पुढचं वाचा.

वॉटरबेसचा खरा फायदा मेटॅलिकमध्ये दिसतो. पाणी उडतं तसा ओला थर खाली बसत जातो आणि ॲल्युमिनियमचे कण सपाट आडवे पडतात. सुकलेला थर १० ते १५ मायक्रॉनचा, अगदी पातळ. बारीक कणांच्या चांदी रंगावर ढग, म्हणजे गडद-फिकट डाग, येण्याचं प्रमाण कमी होतं, ब्लेंड करताना, म्हणजे नवा रंग जुन्यात मिसळवताना, कड सहज विरते. गाडीच्या कारखान्यातही आता बऱ्याच ठिकाणी बेसकोट पाण्यावरचाच असतो, त्यामुळे बाजूने बघितल्यावर दिसणारी छटा जुळवायला सोपी जाते. सॉल्व्हंटवर पंधरा वर्षं हात बसलेला माझा एक पेंटर पहिल्या आठवड्यात वैतागला होता. महिन्याभराने तोच चांदी रंगाची गाडी आली की ‘ती मला द्या’ म्हणायला लागला.

तोटा एकच, पण मोठा. तो म्हणजे हवा. सॉल्व्हंट उडायला हवेतल्या दमटपणाचं फारसं देणंघेणं नसतं. पाण्याला असतं. बूथमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ओला बेस नुसता बघत बसतो. मग पेंटर काय करतो? पुढचा हात मारून मोकळा होतो, आत पाणी अडकतं, वर क्लिअर चढतं, आणि बेकमध्ये, म्हणजे तापवून रंग कडक करताना, फोड येतात किंवा काही महिन्यांनी क्लिअर पापुद्र्यासारखं सुटतं. उपाय साधा आहे, पण बूथमध्ये तो हवा. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ८० वरून ४६ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, हवेची ते धरण्याची ताकद वाढते. ही कोरडी झालेली हवा पॅनेलवरून वाहती ठेवली की बेस दोन-चार मिनिटांत मॅट होतो. नुसती उष्णता देऊन हवा हलवली नाही तर वरचा पापुद्रा सुकतो आणि खालचा ओला राहतो. तो प्रकार न तापवण्यापेक्षा वाईट. म्हणजे तुमच्याकडे बंद बूथ, तापवायची सोय आणि पॅनेलवर हवा मारणारे ब्लोअर हवेत. हाताने धरायचे व्हेंच्युरी ब्लोअर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने जास्त हवा सोडणारी गन, एकटीच मिनिटाला ४०० लिटरच्या आसपास हवा घेते. त्यात दोन ब्लोअर जोडले की छोटा कॉम्प्रेसर धापा टाकतो, दाब पडतो आणि दोष पेंटरवर येतो. आधी कॉम्प्रेसर मोजा, मग रंग.

वॉटरबेसची बारीकसारीक पथ्यंही सांगून ठेवतो. टिंटर ५ ते ३५ अंशांत ठेवायचे. एकदा गोठला की तो टिंटर गेला. गाळणी नायलॉनची लागते, साधी कागदी चालत नाही, तिचा गोंद विरघळतो. गन आतून स्टेनलेस स्टीलची आणि शक्यतो वॉटरबेससाठी वेगळी ठेवलेली. सॉल्व्हंट आणि वॉटरबेस गनमध्ये भेटले की दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि सुई अडकते. धुण्याचं पाणी सॉल्व्हंटच्या कचऱ्यात ओतायचं नाही आणि गटारात तर अजिबात नाही. रंग गोळा करणारी पावडर टाकून तो पाण्यातून फाडायचा, गाळ वेगळा करायचा. पॅनेल पुसताना सॉल्व्हंटवरचा क्लीनर आणि पाण्यावरचा क्लीनर, दोन्ही लागतात. हाताच्या घामातलं मीठ सॉल्व्हंटने निघत नाही. एक सोय मात्र मिळते: बऱ्याच वॉटरबेस टिंटरना ढवळणाऱ्या मशीनची गरज नसते, डबा हाताने हलवला तरी पुरतं.

आणि हे कृपा करून पेंटरला वाचून दाखवा. ‘पाण्यावरचा रंग आहे, मास्क कशाला’ हे वाक्य मी ऐकलंय. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतंच. ते एकदा अंगी लागलं की आयुष्यभराचा दमा देऊ शकतं आणि वासाने कळतही नाही. काडतुसाचा मास्क कधी संपला हे नाकाला समजणार नाही, म्हणून ताजी हवा नळीने देणारा मास्कच हवा. मारून झाल्यावर बूथ साफ होईपर्यंत तो उतरवायचा नाही. सिस्टिम कुठलीही घ्या, हा खर्च आधी धरा.

आता मूळ गोंधळ, म्हणजे भावाचा. विक्रेता लिटरचा भाव सांगतो. पण कशाच्या लिटरचा? सॉल्व्हंट बेसमध्ये कित्येकदा बरोबरीने थिनर पडतं, म्हणजे एका लिटरचे दोन लिटर होतात. वॉटरबेसमध्ये १० ते ३० टक्केच पातळ करायचं असतं, म्हणजे एका लिटरचे सव्वा. यावरून वॉटरबेस फार महाग वाटतं. पण सॉल्व्हंटच्या दोन लिटरमधला अर्धा माल तर थिनरच आहे आणि तो उडून जाणार आहे. तुलना करायची तर मारायला तयार लिटरची करा, आणि त्याही पुढे जाऊन सुकून पॅनेलवर काय उरलं याची करा.

क्लिअरवर हे गणित स्वच्छ दिसतं, म्हणून तेच घेतो. प्रत्येक उत्पादनाच्या तांत्रिक पत्रकात घन भाग आकारमानाच्या टक्क्यात दिलेला असतो. नसेल तर मागा, आणि टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच समजा. सूत्र सोपं आहे: घन टक्केवारी गुणिले १०, भागिले हवी ती सुकी जाडी मायक्रॉनमध्ये. उत्तर येतं एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होईल ते. समजा क्लिअर ‘अ’ मिसळून तयार झाल्यावर ३८ टक्के घन आहे आणि क्लिअर ‘ब’ ५० टक्के. दोन्हींचा ५० मायक्रॉन सुका थर हवाय. ‘अ’चे लिटरमध्ये ७.६ चौरस मीटर, ‘ब’चे १०. गनमधून निघालेला सगळा माल काही पॅनेलवर बसत नाही, ६० टक्के बसला असं धरू. मग ‘अ’ ४.५६ आणि ‘ब’ ६. दार बाहेरून साधारण एक चौरस मीटर धरलं तर ‘अ’ लागतं २२० मिलिलिटर आणि ‘ब’ लागतं १६७. म्हणजे तयार लिटरमागे ‘ब’ ३० टक्के महाग असलं तरी दारामागे दोन्ही बरोबरीत येतात. शिवाय ‘अ’चा ओला थर १३० मायक्रॉनच्या वर न्यावा लागतो, ‘ब’चा १०० वर भागतो. अडीच-तीन हात की दोन हात, हा फरक तिथून येतो. ओघळ येण्याची भीती आणि बूथमधला वेळ त्यातच आला.

हार्डनर विसरू नका. दोनास एक मिसळायचं क्लिअर आणि चारास एक मिसळायचं क्लिअर यांची तुलना करताना विक्रेता फक्त क्लिअरच्या डब्याचा भाव पुढे करतो. हार्डनर बहुतेक वेळा क्लिअरपेक्षा महाग असतो. दोनास एकमध्ये तो एक तृतीयांश पडतो, चारास एकमध्ये एक पंचमांश. थिनर, पुसायचे क्लीनर, ब्लेंडिंगचं द्रव, सगळं एका दाराच्या कागदावर लिहा. त्यात पेंटरचे तास आणि बूथच्या इंधनाची मिनिटं घाला. मी मांडलेल्या प्रत्येक हिशोबात माल हा मजुरी आणि वेळेपेक्षा लहान आकडा निघाला. म्हणून मालात थोडे पैसे वाचवून पेंटरचा अर्धा तास घालवणारी सिस्टिम मला कधीच परवडली नाही.

जास्त घन भागाचं क्लिअर म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. घट्ट क्लिअर थंड हवेत नीट पसरत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत सोडतं. हाताला सवय नसेल तर दुसरा हात जाड बसतो आणि काठावर ओघळ येतात. एका बंपरसाठी झटपट सुकणारं, पूर्ण गाडीसाठी सावकाश, अशी किमान दोन क्लिअर सिस्टिममध्ये हवीत. झटपट क्लिअर पूर्ण गाडीवर मारलं की छताच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीचा भाग सुकलेला असतो आणि उडालेला फवारा त्यावर खरखरीत बसतो. हार्डनर आणि थिनरही तापमानाप्रमाणे फास्ट, मध्यम, स्लो असे मिळायला हवेत. ज्या विक्रेत्याकडे एकच हार्डनर ‘सगळ्या हवेला चालतो’, त्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

शेडबद्दल जरा जास्त बोलतो, कारण पैसा इथेच गळतो. एका रंगाच्या कोडखाली एकच रंग असतो हा भ्रम आहे. कारखाना बदलला, वर्ष बदललं, कणांचा पुरवठादार बदलला की छटा सरकते. चांगली पेंट कंपनी म्हणूनच एका कोडखाली चार-सहा व्हेरिएंट देते: थोडा पिवळसर, थोडा गडद, बाजूने उजळ. तुम्ही प्रत्यक्षात विकत घेता ती ही यादी आणि ती ताजी ठेवण्याचं काम. विक्रेत्याला तुमच्याकडे गेल्या महिन्यात आलेल्या वीस गाड्यांचे कोड द्या आणि त्याच्यासमोर सॉफ्टवेअरमध्ये शोधायला सांगा. किती कोड सापडले, किती व्हेरिएंट निघाले, नव्या मॉडेलचा फॉर्म्युला आलाय का? या वीस ओळींत माहितीपत्रकाच्या वीस पानांहून जास्त कळतं.

स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्याच, पण त्याला देव मानू नका. चांगलं यंत्र मेटॅलिक तीन ते सहा कोनांतून वाचतं. वाचण्याआधी तो भाग पॉलिश करून स्वच्छ करायचा आणि तीन जागी वाचायचं. धुळकट दारावर टेकवलं तर यंत्र धुळीचाच रंग सांगेल. यंत्राने दिलेला फॉर्म्युला कार्डावर मारायचा, तोही क्लिअरसकट, आणि ते कार्ड गाडीशेजारी धरून समोरून आणि तिरक्यातून बघायचं. कार्डाच्या पाठीवर तारीख, गनचा नोझल आणि दाब लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर अशा कार्डांचे कप्पे आहेत. दुसऱ्यांदा तोच रंग आला की अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

मग तीन थरांचे रंग. माझ्दाचा लाल आठवा, आधी सोल रेड, कोड ४१व्ही, आणि मग सोल रेड क्रिस्टल, कोड ४६व्ही. खाली मेटॅलिकचा थर, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर. पारदर्शक लाल एक हात जास्त झाला की दार काळवंडतं, एक हात कमी झाला की नारिंगी दिसतं. फॉर्म्युला बरोबर असूनही पॅनेल चुकतं. अशा रंगांना एक-दोन-तीन-चार हात मारलेलं पायऱ्यापायऱ्यांचं कार्ड आधी करावं लागतं आणि मग कुठली पायरी गाडीशी जुळते ते बघून काम सुरू करायचं. ज्या सिस्टिमचा तंत्रज्ञ हे कार्ड तुमच्या पेंटरला स्वतः उभा राहून करायला शिकवतो, तिला माझ्या वहीत जास्त गुण.

पिवळे आणि लाल खालचा थर झाकत नाहीत म्हणून पेंटर पाच-पाच हात मारतात. बहुतेक वेळा दोष खालच्या सरफेसरच्या छटेत असतो. फॉर्म्युल्यात कुठल्या राखाडीवर मारायचं ते दिलेलं असतं. त्या छटेचा सरफेसर मिळाला तर एक-दोन हात सरळ वाचतात. सिस्टिममध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या छटा जमवता येतात ना, ते विचारा.

आता तो पस्तावा. आम्ही घेतलेली एक सिस्टिम कामाला अप्रतिम होती. पेंटर खूश, ग्राहक खूश. मिक्सिंग रूममध्ये साठ-सत्तर टिंटर रांगेत. त्यातला एक निळसर मोत्याचा टिंटर संपला. स्थानिक वितरक म्हणाला परवा येईल. परवाचा आठवडा झाला, आठवड्याचे तीन. दर दोन दिवसांनी एखादी गाडी त्या टिंटरपाशी येऊन थांबायची. मी दुसऱ्या शॉपमधून वाटीभर उसना आणून काम भागवलं. पुढच्या महिन्यात दुसरा टिंटर गेला. रंगाच्या गुणवत्तेत काहीही खोट नव्हती. वितरकाकडे साठाच नव्हता, आणि करार करताना मी तो बघायला गेलो नव्हतो. आता सही करण्याआधी मी वितरकाच्या गोदामात जातो आणि जास्त वापराच्या दहा टिंटरचे डबे स्वतः मोजतो. त्याच कराराने दोन वर्षं बांधून ठेवलं होतं, कारण मिक्सिंग मशीन आणि रंग वाचायचं यंत्र ‘फुकट’ मिळालं होतं. महिन्याला ठरावीक माल उचलायचा, नाही उचलला तर मशीनची किंमत भरायची. अशा करारात बाहेर पडण्याची अट काय आहे ते पहिलं वाचा.

एका कंपनीच्या क्लिअरमध्ये दुसऱ्या कंपनीचा हार्डनर घालू नका, हे सगळेच सांगतात. आमच्याकडे एका रविवारी हार्डनर संपला आणि पोराने शेजारचा डबा उघडला. बॉनेट दुसऱ्या दिवशी कडक वाटलं, चमकलंही. चौथ्या दिवशी ग्राहक परत आला तेव्हा मधोमध कपड्याच्या विणीचा ठसा उमटलेला होता. रात्री गाडीवर कव्हर टाकलं होतं. थर आतून मऊच राहिला होता. सगळं खरवडून पुन्हा. कंपनीची हमीही प्रायमरपासून क्लिअरपर्यंत एकाच सिस्टिमचं असेल तरच चालते, तेव्हा ‘बेस यांचा आणि क्लिअर त्यांचं स्वस्तातलं’ हा विचार डोक्यातून काढा.

चाचणी कशी घ्यायची ते सांगतो. विक्रेता स्वतःचा डेमो पेंटर आणेल. तो माणूस तोच रंग रोज मारतो, त्याच्या हातात खराटा दिला तरी काम सुरेख होईल. त्याला एकदा बघा आणि मग गन तुमच्या पेंटरच्या हातात द्या, तीही तुमच्याच बूथमध्ये आणि रोजच्या गर्दीच्या वेळी. तीन पॅनेल घ्या: बारीक चांदी, तीन थरांचा लाल किंवा मोती पांढरा, आणि काळा. चांदीवर ढग कळतात, लालवर रंग किती झाकतो ते आणि पेंटरची शिस्त, काळ्यावर क्लिअरचा पोत आणि पॉलिशच्या खुणा. रंग मारण्याआधी आणि नंतर गनच्या कपाचं वजन करा. बेसच्या पहिल्या हातापासून क्लिअरच्या शेवटच्या हातापर्यंत घड्याळ लावा. बेस सुकल्यावर त्यावर मास्किंग टेप लावून ओढा, किती मिनिटांनी ठसा न उमटता निघते ते लिहा. दोन रंगांच्या गाडीला ही मिनिटं फार महाग पडतात. बेक ६० अंशांवर किती वेळ, आणि ते पत्र्याचं तापमान आहे की हवेचं, हे तपासा. विक्रेता हवेचं सांगतो, क्लिअरला पत्र्याचं हवं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पॅनेलवरचा धुळीचा कण कापून पॉलिश करा. काही क्लिअर इतकी कडक होतात की पॉलिशवाल्याचा खांदा जातो, काही इतकी मऊ की पॅडच्या वलयांची नक्षी राहते. मग सात दिवस उन्हात ठेवा आणि चमक खाली बसली का, घासलेल्या पेपरच्या रेषा वर आल्या का बघा. आणि एक चाचणी कोणीच करत नाही, ती मात्र कराच: सात दिवसांनी त्याच पॅनेलचा एक कोपरा बिघडवा, घासा, पुन्हा रंगवा. जुन्या कडेला सुरकुती आली तर ती सिस्टिम तुम्हाला पहिल्याच परत आलेल्या गाडीत रडवणार. शेवटी ब्लेडने चौकटी कापून टेप ओढा, पापुद्रे निघाले तर थरांची एकमेकांना पकड नाही.

तुमच्या परिस्थितीवर माझं मत विचाराल तर असं: काम बहुतेक मेटॅलिकचं आहे आणि दिवसाला चार-पाच गाड्या आहेत, म्हणजे ब्लेंड भरपूर. बंद बूथ, तापवायची सोय आणि पुरेसा कॉम्प्रेसर असेल तर मी वॉटरबेस घेईन, वर जास्त घन भागाचं मध्यम गतीचं क्लिअर, आणि बंपरसाठी एक झटपट क्लिअर. बूथ उघडा असेल किंवा हीटर नसेल तर यंदाचे पैसे बूथ आणि हवेच्या लाइनवर घाला. तेलपाण्याचा फिल्टर आणि ड्रायरसुद्धा त्यात आले. सॉल्व्हंटवरच राहा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उघड्या शेडमधल्या वॉटरबेसपेक्षा चांगल्या बूथमधला सॉल्व्हंट बेस कधीही बरा. व्यावसायिक वाहनांचं साध्या पांढऱ्याचं काम असेल तर क्लिअरशिवायचा, हार्डनरवरचा एकथरी रंग हाताशी ठेवा. बेस-क्लिअरचा घाट तिथे विनाकारण घालू नका.

तिघांपैकी कोण, हे वीस कोडची यादी, वितरकाचं गोदाम आणि तुमच्या पेंटरची तीन पॅनेलं ठरवतील. दोन सिस्टिम सारख्याच उतरल्या तर जिचा तंत्रज्ञ फोन केल्यावर त्याच दिवशी येतो, ती घ्या. हे पडताळायला चाचणीच्या आठवड्यात एकदा मुद्दाम संध्याकाळी पाचला फोन करून बघा.

बदल एका दिवशी करा. दोन सिस्टिम महिनाभर समोरासमोर ठेवल्या की अर्धे डबे, चुकीचे थिनर आणि अदलाबदल झालेले हार्डनर, सगळं एकदम येतं. दमट किंवा कडक थंडीच्या दिवसांत बदल टाळा, कारण पेंटर नवा हात शिकत असताना हवेशी भांडायला त्याला सवड नसते. जुने सॉल्व्हंट टिंटर उरतीलच. विक्रेत्याशी बोलताना ते परत घेण्याची अट घाला, बरेच जण नवा ग्राहक मिळवायला तयार होतात. नाही घेतले तर ते मिक्सिंग रूमच्या बाहेर, वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवा आणि चावी पेंटरकडे देऊ नका.